वॉलआयसाठी एकच रॉड आणि एकच रीळ घ्यायचे तर कोणते?

उत्तरतारा
मिनेसोटात मे महिन्यात वॉलआय या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम उघडतो. त्याआधी एक स्पिनिंग सेट घ्यायचा आहे. बोट १६ फुटी, साधी अ‍ॅल्युमिनियमची. बहुतेक वापर जिग (डोक्याशी वजन असलेला हुक) आणि मिनो (आमिषाचा छोटा मासा). जून-जुलैत जळू किंवा गांडूळ लावून तळाशी ओढायचे रिग (हुक, शिसे आणि दोरीची जुळणी). संध्याकाळी काठावरून स्लिप बॉबर (दोरीवर सरकणारा तरंगता गोळा). ट्रोलिंग (चालत्या बोटीमागे आमिष ओढणे) क्वचित. रॉड, रीळ, दोरी मिळून बजेट २०० डॉलर.

मोकळ्या पाण्यात इथे माणशी एकच दोरी टाकता येते. त्यामुळे बोटीत चार रॉड मांडण्यापेक्षा बहुतेक कामे नीट करणारा एकच हवा आहे. प्रश्न असे: पॉवर मीडियम लाइट की मीडियम? लांबी किती? रीळ २५०० की ३०००? दोरी ब्रेड (विणलेली) की मोनो (एकाच जाड धाग्याची)? दुकानात निम्म्या रॉडवर 'वॉलआय' छापलेले असते, त्यावरून काहीच ठरत नाही.

जिगवाला
रॉडवरचे माशाचे नाव सोडून द्या. हँडलच्या वर बारीक अक्षरांत दोन जोड्या छापलेल्या असतात: आमिषाचे वजन औंसमध्ये आणि दोरीची ताकद पौंडात. पहिली जोडी नीट वाचा, निवड तिथेच होते.

हिशेब वजनापासून सुरू करायचा. संथ पाण्यात उभे जिगिंग (बोटीखाली सरळ सोडलेला जिग खालीवर करणे) करताना ढोबळ नियम असा की दर १० फूट खोलीला १/८ औंस. म्हणजे १० फुटांवर १/८, २० फुटांवर पाव औंस. वारा सुटला, बोट सरकायला लागली किंवा नदीचा प्रवाह असला की एक पायरी वर: १/८ च्या जागी पाव, पावच्या जागी ३/८. मिनेसोटाच्या तळ्यांवर मे-जूनमध्ये बरीचशी मासेमारी ६ ते २० फुटांत होते. तुमचे निम्म्याहून जास्त काम १/१६ ते ३/८ औंसात बसते. त्यासाठी १/८ ते १/२ औंसाचा मीडियम लाइट, फास्ट अ‍ॅक्शन, ६ फूट ८ इंच ते ७ फूट. काही कंपन्यांचा मीडियम लाइट १/१६ पासून सुरू होतो, तोही चालेल; मात्र वरची हद्द निदान ३/८ असायला हवी.

मीडियम लाइटच का, तर वॉलआय झडप घालत नाही. तो तोंड आणि कल्ले एकदम उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो. हाताला लागतो तो एक हलका 'टिक', कधी फक्त ओले फडके अडकल्यासारखे वजन. टोक ताठ असेल आणि दोरी ताणलेली असेल तर जिग त्या ओढीबरोबर आत जातच नाही, ओठाशीच राहतो. मऊ टोक तेवढी दोन-तीन इंचांची मुभा देते. 'लागला पण निसटला' या तक्रारींतल्या पुष्कळशा इथून सुरू होतात.

एरीकाठ
तळ्यांसाठी हे बरोबर आहे. लेक एरीसाठी नाही, आणि हा धागा ओहायो-मिशिगनचे लोकही वाचतील म्हणून लिहितो.

एरीचे पश्चिम खोरे उथळ आहे, सरासरी खोली सुमारे २४ फूट. पण उघडे पाणी, वारा आणि सतत सरकणारी बोट. तिथे ३/८ ते ३/४ औंसाचे ब्लेड बेट (धातूच्या पट्टीचे आमिष) आणि जड जिग टाकावे लागतात. मार्च-एप्रिलमध्ये मॉमी नदीत मासे अंडी घालायला चढतात, तेव्हा पाण्यात उतरून कॅरोलिना रिग फेकतात: सरकते शिसे १/४ ते ३/४ औंस, स्विव्हल (पीळ अडवणारी फिरती कडी), १८ ते २४ इंचांचा लीडर (हुकाजवळचा वेगळ्या दोरीचा तुकडा), तरंगता जिग. प्रवाहात पाऊण औंस शिसे मीडियम लाइटने फेकले की रॉड मधूनच वाकतो, नेम जातो आणि हुक बसवताना सगळा जोर वाकण्यातच संपतो. तिथे ७ फूट मीडियम, फास्ट, १/४ ते ३/४ औंस घ्या. डेट्रॉइट नदीतल्या उभ्या जिगिंगलाही मीडियमच, कारण प्रवाहामुळे अर्धा ते पाऊण औंस लागतो. बोटीच्या कडेला दोरी सरळ खाली ठेवायची असल्याने लांबी मात्र ६ फूट ते ६ फूट ६ इंच बरी.

मॉमीवर जाणाऱ्यांनी ओहायोचे त्या काळातले हुकचे आणि वेळेचे नियम आधी वाचावेत. बाहेरून अंगात हुक रुतलेला मासा तिथे ठेवता येत नाही, सोडावाच लागतो.

जिगवाला
एरीकाठ यांचे म्हणणे मान्य. 'बहुउपयोगी' हा शब्द पाण्यावर अवलंबून आहे. आपण सर्वांत जास्त वेळा जे वजन टाकतो ते रॉडवर छापलेल्या पट्ट्याच्या मध्यावर यायला हवे. कडेला आले तर तो रॉड आपल्यासाठी नाही. उत्तरतारा यांचे वजन १/८ ते पाव औंस, म्हणून मीडियम लाइट. एरीवर अर्धा औंस, म्हणून मीडियम. दोन्हीकडे जाणाऱ्याने मीडियम घ्यावा आणि १/१६ चा जिग विसरावा. जड रॉडने हलके आमिष फेकता येत नाही, उलट थोडेफार जमते.

काठावरून
पॉवर आणि अ‍ॅक्शन यांत अजून गोंधळ होतो. फरक काय?

जिगवाला
पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट वरच्या साधारण तिसऱ्या भागात वाकतो, एक्स्ट्रा फास्ट फक्त टोकाशी, मॉडरेट मधल्या भागापासून. जिगला फास्ट, कारण तळ, गवत आणि मासा यांतला फरक हाताला कळायला हवा आणि मनगटाच्या झटक्याने हुक बसायला हवा. ट्रोलिंगला मॉडरेट, कारण तीन काट्यांच्या हुकवर मासा स्वतःच अडकतो आणि ताठ टोक ते हुक ओठातून फाडून काढते.

या शब्दांना सगळ्या कंपन्यांना बांधणारे माप नाही. एकाचा मीडियम लाइट दुसऱ्याच्या मीडियमएवढा ताठ निघतो. म्हणून पुन्हा तेच: औंस वाचा.

एक्स्ट्रा फास्ट फक्त जिगसाठी उत्तम, पण जिवंत आमिष फेकताना मऊ जळू किंवा मिनो हुकवरून उडून जातो. एकच रॉड घ्यायचा तर फास्टवर थांबा.

तळमाती
लांबीबद्दल. ६ फूट ६ इंच बोटीत सोयीचा, उभ्या जिगिंगला छान. ७ फूट काठावरून लांब फेकतो, आणि स्लिप बॉबरला जास्त उपयोगी, कारण बॉबर बुडाला की पाण्यावर पडलेली ढिली दोरी एका लांब ओढीत उचलावी लागते. तळाशी ओढायच्या रिगलाही लांब रॉड बरा. १६ फुटी बोटीत दोघे असाल तर ६ फूट ८ किंवा १० इंच हा मधला मार्ग आहे. एकटेच असाल तर थेट ७ फूट.

साहित्य ग्रॅफाइटच. सेंट क्रॉय, फेनविक यांच्या मधल्या किमतीच्या मालिका या कामाला पुरतात. अग्ली स्टिकसारखा ग्रॅफाइट-फायबरग्लास मिश्र रॉड आपटला, ओढला तरी सहज मोडत नाही, लहान मुलांसाठी तोच घ्यावा. पण तो जड आणि जरा बधिर. वॉलआयच्या बाबतीत बधिरपणा महाग पडतो. या माशाच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे त्याला अंधुक उजेडात, गढूळ आणि लाटाळलेल्या पाण्यात दिसते. तो खातोही तेव्हाच: पहाटे, संधिप्रकाशात, वारा सुटल्यावर. नेमक्या त्या वेळी आपल्याला दोरी दिसत नाही. जे कळायचे ते बोटांनाच.

पैशांची वाटणी: रॉडला १०० ते ११०, रिळाला ६० ते ७०, उरलेले दोरी आणि लीडरला. नवे लोक उलट करतात, भारी रीळ आणि स्वस्त रॉड. वॉलआय रीळ ओरबाडून पळणारा मासा नाही. रिळाकडून ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी सोडणारा ब्रेक) गुळगुळीत सुटावा आणि दोरी नीट गुंडाळली जावी एवढीच अपेक्षा असते.

उत्तरतारा
मग रीळ कोणते? २५०० म्हणजे नक्की काय?

तळमाती
शिमानो आणि दाइवा यांच्याकडे २५००, फ्ल्यूगरकडे साधारण तोच आकार ३० या क्रमांकाने येतो. कंपन्यांचे क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून स्पूलवरची (दोरी गुंडाळायच्या चकरीवरची) दोरीची क्षमता बघा: ८ पौंडी मोनो सुमारे १४० यार्ड बसेल असे स्पूल हवे. १००० चे स्पूल छोटे, दोरी त्यावर घट्ट वेटोळी धरते आणि कडक मोनो थंडीत स्प्रिंगसारखा उसळतो. ४००० उगाच जड. ६ फूट ८ इंचांच्या हलक्या रॉडचा तोल मागे जातो.

गिअर (हँडलच्या एका फेऱ्यामागे दोरी गुंडाळणारा भाग किती फेरे घेतो ते) ५.२:१ ते ६.२:१ यांतला कुठलाही. स्लिप बॉबर आणि लांब फेकीचे काम जास्त असेल तर ६.२, ढिली दोरी पटकन आत येते. शिमानो सेडोना २५०० एचजी ६.२ चे आहे, फ्ल्यूगर प्रेसिडेंट ३० हे ५.२ चे. दोन्ही या कामाला चांगली. बेअरिंगच्या संख्येवर जाऊ नका. चार नीट बसवलेली बेअरिंग दहा ढिल्यांपेक्षा बरी.

दुकानात तीन गोष्टी करून पाहा. एक: हँडल धरून पुढेमागे हलवा, खडखड ऐकू आली तर दुसरे मागा. दोन: ड्रॅग अगदी सैल करून हाताने दोरी ओढा किंवा स्पूल फिरवा, सुरुवातीला झटका देऊन मग सुटत असेल तर तो झटका ६ पौंडी लीडर तोडतो. तीन: रीळ रॉडवर बसवा आणि रिळाच्या पायाच्या किंचित पुढे एका बोटावर तोला. टोक खाली कलत असेल तर दिवसभर मनगट दुखेल आणि संध्याकाळचा 'टिक' कळणार नाही. दुकानदाराला दोन वेगळी रिळे लावून दाखवायला सांगायला संकोच करू नका.

जुने मिनेसोटाकर ड्रॅगऐवजी हँडल उलटे फिरवून माशाला दोरी देतात. त्यासाठी रिळाखाली खटका लागतो. नव्या रिळांत बऱ्याचदा तो नसतोच. ती सवय नसेल तर त्याच्यामागे लागू नका.

एरीकाठ
ड्रॅग घरीच लावून घ्या. लीडरच्या ताकदीचा साधारण चौथा हिस्सा. ८ पौंडी लीडरला २ पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. दोरी रॉडच्या कड्यांतून ओवून टोकाला छोटा तराजूकाटा बांधायचा, रॉड ४५ अंशांत धरून ओढायचे आणि काटा २ पौंडांवर असताना दोरी सुटायला हवी. बोटीत अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुतेक वेळा जास्तच घट्ट असतो.

काठावरून
दोरी? ब्रेड भरली की माझ्या स्पूलवर सगळी दोरी गोल फिरते, हुक बसतच नाही.

जिगवाला
ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर बांधली की ती गाठीसकट सरकते. आधी खाली मोनो हवा. क्रम असा:

१० पौंडी ब्रेड, १५० यार्ड. जाडी सुमारे ०.१५ मिमी, ८ पौंडी मोनो ०.२५ च्या आसपास. म्हणून पूर्ण स्पूल ब्रेडने भरायचे तर दुप्पट लागते आणि पैसे वाया जातात. स्पूलचा खालचा अर्धा भाग ८ पौंडी जुन्या मोनोने भरा. मोनो आणि ब्रेड डबल युनी गाठीने जोडा. ब्रेडकडे ७-८ वेढे, मोनोकडे ५. गाठ ओली करून मगच ओढा, कोरडी ओढली की घर्षणाने मोनो जळतो आणि पहिल्याच माशाला तुटतो. ब्रेड ओल्या फडक्यातून ताणून भरा. सैल भरलेल्या थरात पुढचा थर रुततो आणि फेकताना दोरी मधेच अडकते. कडेपासून ३ मिमी जागा सोडून थांबा.

पुढे ८ पौंडी फ्लुरोकार्बन लीडर, ३ फूट. गाठ रॉडच्या टोकाबाहेर राहील एवढाच ठेवा. कड्यांतून गाठ आत-बाहेर गेली की फेक कमी होते आणि गाठ झिजते. पाणी फारच स्वच्छ असेल तर ६ पौंडी. वॉलआयला दात आहेत पण तो दोरी सहसा कापत नाही. कापतो तो नॉर्दर्न पाइक. त्याच्या भीतीने स्टीलचा लीडर लावला तर वॉलआय कमी लागतील. दोन-चार जिग पाइकला गेले तर जाऊ द्या.

तळमाती
थोडा विरोध. फक्त जिवंत आमिषाचे रिग आणि बॉबर करणाऱ्याला ६ पौंडी मोनो अजूनही पुरतो. मोनो ताणतो, तो ताण मऊ तोंडाच्या घासाला मदत करतो, किंमत कमी, गुंता सुटतो. ब्रेड पाण्यावर तरंगते आणि वाऱ्यात तिची कमान होते. २० फुटांवर १/८ चा जिग असताना ती कमान जिगला तळावरून उचलते. वाऱ्याच्या दिवशी टोक पाण्याजवळ ठेवा, म्हणजे कमान लहान राहते.

आणि बॉबर किती खोलीवर थांबेल ते ठरवणारी दोऱ्याची गाठ ब्रेडवर सरकते, कारण ब्रेड बारीक आणि गुळगुळीत. दोन गाठी शेजारी शेजारी बांधा आणि ओल्या करून घट्ट करा. ही गाठ टोकाच्या कडीतून जायला हवी, म्हणून फार बारीक कड्यांचा रॉड घेऊ नका. तिथे ती अडकते आणि फेक मधेच तुटते.

नवाशिका
ब्रेड लावल्यापासून दर दहा-बारा फेकींनंतर टोकाशी गाठोडे होते. रीळ खराब आहे का?

एरीकाठ
रीळ बहुधा ठीक आहे. कारणे पुढच्या क्रमाने तपासा.

फेकल्यावर रिळावरची तारेची कमान (दोरी स्पूलवर वळवणारी) हँडल फिरवून बंद करता का? तसे केले की पहिले वेटोळे सैल बसते आणि पुढच्या फेकीत तेच गाठोडे होऊन बाहेर येते. आमिष पाण्यावर पडायच्या आत बोटाने दोरी अडवा, कमान हाताने बंद करा, दोरी एकदा हलकी ओढून ताणा, मग हँडल फिरवा. एवढ्यानेच बहुतेकांचे काम होते.

स्पूल कडेपर्यंत भरले असेल तर चार-पाच यार्ड कापून टाका.

जिग फारच हलका असेल तर दोरी ताणाशिवाय आत येते. गुंडाळताना बोटांच्या चिमटीतून घ्या.

दोरीला पीळ बसला असेल तर दोष आमिषाचा. चुकीचा लावलेला जळू गोल फिरतो, स्पिनर (फिरत्या पात्याचे आमिष) तर फिरतोच. त्या रिगवर स्विव्हल हवेच. मासा ड्रॅग ओढत असताना हँडल फिरवत राहिलात तर प्रत्येक फेऱ्याला पीळ बसतो. तो पळत असेल तेव्हा हँडल थांबवा. पीळ काढायला आमिष काढून मोकळी दोरी चालत्या बोटीमागे ५०-६० यार्ड सोडा, दोन-तीन मिनिटांनी ताणून गुंडाळा.

तळमाती
जळू चुकीचा लागू नये म्हणून: मोठ्या चोषकाच्या टोकाला, ६ किंवा ८ नंबरच्या हुकने, फक्त एकदा टोचायचा. तो लांब होऊन पोहतो. गांडूळ डोक्याच्या अगदी टोकाशी. मिनो दोन्ही ओठांतून, किंवा जिगवर तोंडातून आत घालून डोक्यामागून बाहेर. सरकत्या शिशाच्या रिगला शिसे पाव ते पाऊण औंस, मणी, स्विव्हल, मग ४ ते ६ फूट लीडर. शिसे ब्रेडवर चालू द्या, लीडरच्या गाठीवर नको.

याच रिगवर रॉडची खरी परीक्षा होते. रिळाची तारेची कमान उघडी, दोरी बोटावर. ओढ लागली की बोट सोडायचे, पाच ते दहा सेकंद दोरी जाऊ द्यायची, कमान बंद, ढील गुंडाळून वजन लागेपर्यंत थांबायचे आणि मग रॉड बाजूला लांब ओढायचा. झटका नाही. जिगला झटका, रिगला लांब ओढ. मीडियम लाइट फास्ट दोन्ही करतो, म्हणून एका रॉडसाठी त्याचे नाव घेतो.

ओंटारिओचा
कॅनडातल्या वाचकांसाठी: इथे दुकानात, मच्छीबाजारात याच माशाला पिकरेल म्हणतात आणि क्वेबेकमध्ये डोरे. चेन पिकरेल हा पाइकच्या कुळातला वेगळा मासा, त्याच्याशी गल्लत नको. दुकानदाराने 'पिकरेल रॉड' दाखवला तर इथे बोललेलाच तो.

बे ऑफ क्विंटेला शरद ऋतूत मोठे मासे येतात. तिथे बहुतेक जण क्रँकबेट (ओढले की थरथरत खाली जाणारे माशासारखे नकली आमिष) ट्रोल करतात. ते काम या सेटवर होईल का?

एरीकाठ
थोडेसे. ५ नंबरचा, शॅड या माशाच्या आकाराचा लहान क्रँकबेट, बोटीमागे सरळ सोडून, ताशी २ मैलांच्या आसपास, चालेल. ड्रॅग आणखी सैल करा, कारण ब्रेड ताणत नाही आणि फास्ट टोकही पुरेसे देत नाही; दोन्ही मिळून हुक फाडतात. रॉड हातात धरा, होल्डरमध्ये नको.

प्लॅनर बोर्ड (दोरी बोटीपासून बाजूला नेणारी फळी), लेड कोर (आत शिसे असलेली दोरी), खोल जाणारे मोठे क्रँकबेट यांना हा सेट लावू नका. टोक सतत वाकलेले राहते आणि आमिष थरथरते आहे की गवत अडकून मेले आहे ते दिसत नाही. शिवाय स्पिनिंग रिळावर किती दोरी सोडली ते मोजता येत नाही. ट्रोलिंगचा सगळा खेळ पुनरावृत्तीचा: ९० फूट दोरीवर मासा लागला तर पुन्हा ९० फूटच सोडायची. त्यासाठी लाइन काउंटर (सोडलेली दोरी मोजणारे) रीळ आणि ८ ते ८॥ फुटी मॉडरेट रॉड. दुसरा सेट कधी घ्यायचा झाला तर तो हा.

बॉटम बाउन्सरचेही (तारेवर शिसे असलेला, तळाला टेकत जाणारा जड रिग) तसेच. त्याचा नियम दर १० फुटांना १ औंस. २० फुटांवर २ औंस झाले. मीडियम लाइटच्या चौपट. तो कास्टिंग रॉडचा (रीळ हँडलच्या वर बसणाऱ्या रॉडचा) प्रांत.

जिगवाला
जिगिंग रॅप या माशाच्या आकाराच्या जड नकली आमिषाबद्दल कोणी विचारले नाही, पण उत्तरतारा जुलैपर्यंत तिकडे वळतीलच. ५ नंबर ५/१६ औंस, या रॉडवर झकास. ७ नंबर ५/८ औंस, तो छापलेल्या हद्दीबाहेर. तळावरून दोन-तीन फूट झटक्याने उचलून सैल दोरीवर पडू द्यायचा असतो, आणि मीडियम लाइटचे टोक त्या झटक्यात नुसते वाकते, आमिष उसळत नाही. ७ नंबरचे वेड लागले तर मीडियम घ्यावाच लागेल.

खाडीवाला
विषयाला धरूनच: हा सेट सुट्टीत कोकणात नेला तर खाडीत जिताड्याला चालेल का?

तळमाती
नको. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड धारदार असते, ८ पौंडी लीडर ती लगेच कापते. तिवराच्या मुळांत आणि कालवांच्या खडकांत घुसणाऱ्या माशाला थांबवायची ताकद मीडियम लाइटमध्ये नाही. तिथे मीडियम हेवी आणि ३० पौंडांच्या वरचा लीडर. आणि गोड्या पाण्याच्या रिळाला खारे पाणी लागले की तारेखालच्या रोलरचे बेअरिंग आधी जाते.

उत्तरतारा
सगळे वाचून ठरवले: ६ फूट १० इंच मीडियम लाइट फास्ट, दोन तुकड्यांचा, १/८ ते १/२ औंस, सेडोना २५०० एचजी, १० पौंडी ब्रेड गडद हिरवी, ८ पौंडी लीडर. काही चुकते आहे?

जिगवाला
ब्रेडचा रंग बदला. पिवळी किंवा उजळ हिरवी घ्या. जिग खाली जाताना लागलेला मासा हाताला कळत नाही. दोरी तळाला पोचायच्या आत थांबते किंवा बाजूला सरकते, ते डोळ्यांना दिसते. माशाला दिसू नये यासाठी पुढे लीडर आहेच.

दोन तुकड्यांबद्दल काळजी नको, आजचे जोड चांगले असतात. जोडताना कड्या पाव वळणाने तिरप्या धरून घाला आणि फिरवत सरळ रेषेत आणा. दर तासाला एकदा बोटाने चाचपा. जोड किंचित सुटला असताना हुक बसवला की तिथेच चिरतो.

तळमाती
मे महिन्याच्या पहाटेला कड्यांत बर्फ धरतो, ब्रेड पाणी ओढून आणते म्हणून मोनोपेक्षा जास्त. बर्फ बोटाने उकरू नका, कडीच्या आतली कडक रिंग निसटते. टोक पाण्यात बुडवा, आपोआप वितळतो.

जिगचा हुकही त्या रिंगमध्ये अडकवायचा नाही. बारीक ओरखडा पडला की ब्रेड तिथे रोज थोडी थोडी कातरली जाते आणि गाठ नेहमी त्याच जागी का तुटते ते कळत नाही. हँडलपाशी हुक अडकवायची वेगळी कडी असते, ती वापरा. कापसाचा बोळा सगळ्या कड्यांतून फिरवा. तंतू अडकला तर ती कडी बदलायची. आणि मासा बोटीजवळ आला की रॉड डोक्यामागे ओढू नका. टोक उभे झाले की सगळा भार वरच्या फूटभर भागावर येतो, आणि मोडतो तो तिथेच. टोक खांद्याच्या उंचीवर ठेवून एक पाऊल मागे सरका, जाळे माशाच्या डोक्याकडून घाला.

उत्तरतारा
पिवळी ब्रेड घेतो. रोलरला तेल किती वेळा?

तळमाती
महिन्यातून एकदा, एकच थेंब. ड्रॅगच्या चकत्यांवर तेल जाऊ देऊ नका, आणि घरी आल्यावर ड्रॅगची खुंटी पूर्ण सैल करून ठेवा.